निराळी चूल

बिऱ्हाड हलले त्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सर्वांत शेवटी चढली ती लोखंडी चूल, आणि नव्या जागी सर्वांत आधी उतरली तीही तीच. खाणीवरच्या लोहाराने एका फुटक्या पिंपातून ती कापून काढली होती. तिला तीन पाय होते, त्यांतला एक आखूड. त्या पायाखाली कोणता दगड किती सरकवायचा हे थोरलीखेरीज कोणालाही ठाऊक नव्हते, आणि तो दगडही तिने फडक्यात गुंडाळून बरोबर आणला होता.

"माणसं बहिणीकडे जाताना खाऊ घेऊन जातात," ट्रॉलीच्या कडेला पाय लांब करून बसलेला तिचा नवरा म्हणाला, "आम्ही चूल घेऊन चाललोय."

"तुम्ही गप्प बसा. पाय सांभाळा."

तो खाणीत सुरुंग लावत असे. सगळी खाण त्याला सुरुंगवाला म्हणे, आणि आता खाण उरली नव्हती तरी नाव उरले होते. तीन वर्षांपूर्वी एका दगडाने त्याचे कंबरेचे हाड मोडले. तेव्हापासून तो काठीवर होता आणि घर सरकारी भत्त्यावर. खाण बंद पडली, खाणीच्या चाळी रिकाम्या करण्याचा हुकूम निघाला, आणि त्याच आठवड्यात धाकट्या बहिणीचा निरोप आला: मागची खोली मोकळी आहे, बटाट्याच्या वखारीत बायांना काम आहे, या.

ट्रॅक्टर धाकटीच्या नवऱ्याचाच होता. चूल उतरवून घेताना तो हसला. "ताई, ही कशाला आणलीत? आमच्याकडे काय कच्चं खातात?"

"सवयीची आहे," थोरली म्हणाली, आणि चूल त्याच्या हातातून काढून घेतली.

धाकटी अंगणात उभी होती. तिच्यामागे तिचे घर होते: दोन खिडक्या, पुढे रुंद ओसरी, डाव्या हाताला गोठा, त्यात एक तांबडी गाय. मागची खोली म्हणजे अवजारे ठेवण्याची जागा होती. तिला खिडकी नव्हती. ती झाडून, धुऊन, कोपऱ्यात पाण्याचा माठ भरून ठेवला होता. थोरलीने तो भरलेला माठ पाहिला आणि तिला वाटले, एवढेही माझ्यासाठी ठेवले नाही की मी येऊन करावे.

मत्सर परक्याचा करावा. त्यात निदान मान आहे. शेजाऱ्याचे शेत पिकले, सावकाराची माडी चढली, तर माणूस चार लोकांत बोटे मोडू शकतो. परंतु ज्या पोरीची वेणी आपण घातली, जिला चूल फुंकायला, भाताचे पाणी जोखायला आपण शिकवले, तिचा मत्सर वाटू लागला की तो सांगायचा कोणाला? आई गेली तेव्हा थोरली चौदा वर्षांची होती आणि धाकटी सहा. थोरलीने रांधलेले ताट धाकटी बोटाने निपटून खाई. आता त्याच धाकटीच्या घरातून संध्याकाळी फोडणीचा वास येई, आणि मागच्या खोलीत सुरुंगवाला बोलता बोलता थांबे.

भत्त्याची फाईल नव्या भागाच्या कचेरीत आणावी लागणार होती. दोघे गेले. कारकून काटकुळा होता, त्याने कागद चाळले, चष्मा कपाळावर सारला आणि विचारले, "राहता कोणाकडे?"

"माझ्या बहिणीच्या मागच्या खोलीत."

"बहिणीचा नवरा कमावता?"

"ट्रॅक्टर आहे त्यांचा."

"मग नीट ऐका. छप्पर एक असलं तरी चालेल. अंगण एक चालेल, नळ एक चालेल. चूल एक चालणार नाही. एका चुलीवर जेवलात की तुम्ही त्यांच्या कुटुंबातले. मग भत्ता कसला? तपासनीस येऊन बघतील. केव्हा येतील ते सांगून येत नाहीत. ते लिहितील त्यावर भत्ता सुरू होईल, नाहीतर फाईल बंद."

"आणि एखाद्या दिवशी तिनं वाटीभर काही दिलं तर?" सुरुंगवाल्याने विचारले.

"वाटी मला सांगू नका," कारकून म्हणाला. "मी पण बहिणीकडे जेवतो. मला भत्ता नाही."

बाहेर येऊन पायरीवर सुरुंगवाला दम खाण्यासाठी बसला. "झालं. आता तुझ्या बहिणीच्या हातचं खाणं सरकारी गुन्हा झाला."

खरे सांगायचे तर थोरलीला त्या दिवशी हलके वाटले. जे तिच्या मनात होते, आणि जे बोलायला तिला लाज वाटली असती, त्यावर कचेरीने आपला शिक्का उमटवून दिला होता. घरी येऊन तिने धाकटीला अंगणातच गाठले आणि नियम सांगितला. सांगताना तिचा आवाज जरुरीपेक्षा किंचित उंच होता.

"म्हणजे मीठसुद्धा नको?" धाकटीने विचारले.

"मीठसुद्धा नको."

"बरं, ताई." धाकटीने हातातली वाटी पदराखाली घेतली. तिच्यात काय होते ते थोरलीने विचारले नाही, पण वास ओळखला.

वखारीतले काम पहाटे सुरू होई. लागवडीचा हंगाम होता. बियाण्याच्या बटाट्यांचे ढीग जमिनीवर ओतलेले असत आणि वीस बाया दोन रांगांत बसून ते कापत. काम दिसायला सोपे. प्रत्येक फोडीला निदान दोन डोळे राहिले पाहिजेत, म्हणजे जमिनीत गेल्यावर एक मेला तरी दुसरा फुटतो. आणि कापलेल्या अंगाला लगेच राख चोळली पाहिजे, नाहीतर फोड ओलाव्याने सडते. दुपारपर्यंत बोटांच्या पेरांत पांढरे पीठ वाळून चिरा पडत, त्या चिरांत राख शिरे, आणि संध्याकाळी हात पाण्यात घातले की ते हात आपले नव्हेत असे वाटे.

मुकादमीण जाड काचांच्या चष्म्याची, थोडे बोलणारी बाई होती. ती रांगेतून फिरे, एखादी फोड उचलून उजेडात धरी आणि परत टाकी. पहिल्या आठवड्यात तिने थोरलीची फोड उचलली, पाहिली, टाकली. मग शेजारी बसलेल्या धाकटीची उचलली.

"हात हलका आहे हिचा," ती सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली. "डोळ्याला धक्का लागत नाही. बघून शिका."

"ताईनंच शिकवलंय मला कापायला," धाकटी म्हणाली.

हे वाक्य तिने प्रेमाने म्हटले होते यात शंका नाही. थोरलीला मात्र ते तोंडात मारल्यासारखे लागले, कारण शिकवणाऱ्याला मागे टाकून वर त्याचे नाव घेणे हे मागे टाकण्याहून जड असते.

दाराशी एक स्टूल होते. कापलेल्या फोडी तपासून पोत्यात भरणारी बाई त्यावर बसे. तिथे उजेड होता, वारा होता, आणि मुख्य म्हणजे हंगाम संपल्यावर शीतगृहातले बारमाही काम त्या जागेला होते. ती बाई आता लेकीकडे जाणार होती. जागा कोणाला मिळणार हे कोणी बोलत नसे, आणि सगळ्यांना ठाऊक होते.

दुपारच्या सुट्टीत धाकटी गाय बघायला घरी जाई. घर हाकेच्या अंतरावर होते. थोरली जात नसे. जेवणाच्या वेळी आपण बहिणीच्या अंगणात दिसता कामा नये, हे तिने कारकुनाच्या सांगण्याच्याही पुढे जाऊन ठरवले होते. ती वखारीतच आपले फडके सोडे. नवऱ्यासाठी ती पहाटेच रांधून त्याचा खाणीतला जुना डबा भरून ठेवी: खाली भात, वर बटाट्याचे कालवण. मागच्या खोलीत उजेड नसल्याने तो दिवसभर धाकटीच्या ओसरीवर बसे आणि दुपारी तिथेच डबा उघडे. संध्याकाळी डबा रिकामा मिळे. नुसता रिकामा नव्हे. आतून चाटल्यासारखा लख्ख.

"आवडलं?" ती विचारी.

"बघ की डबा," तो म्हणे.

ती डबा बघे आणि तिचे मन निवे. एकदा झाकणाच्या खाचेत गवताची काडी अडकलेली होती. वाऱ्याने आली असेल म्हणून तिने ती नखाने काढून टाकली. खाणीत असताना तो अर्धे अन्न परत आणी. इथे येऊन त्याची भूक वाढली होती, आणि ही भूक आपल्या चुलीने वाढवली आहे, धाकटीच्या फोडणीने नव्हे, एवढा एकच विजय थोरलीच्या पदरी होता. तो ती रोज घासून पुसून ठेवी.

बाकी सगळीकडे हारच होती. एका संध्याकाळी ट्रॅक्टरवाला धारेची चरवी हातात घेऊन ओसरीवर आला. "दादा, तुमचा पायगुण चांगला दिसतो. तुम्ही आल्यापासून गाय वेळेला अर्धा लिटर जास्त देते."

"माझा कसला पायगुण," सुरुंगवाला म्हणाला, "एकच पाय चालतो." आणि तो मोठ्याने हसला, नेहमीपेक्षा थोडा जास्त मोठ्याने. धाकटी मान खाली घालून आत गेली. थोरली नळावर हात धूत होती. तिने मनात म्हटले, हिच्या घरात गाईसुद्धा न मागता वाढून देतात.

हंगामाचा शेवट जवळ आला. एका दुपारी मुकादमिणीने रांगेपुढे उभे राहून राखेच्या डब्यात बोट घातले आणि ते चिमटीत चोळले.

"ही राख आहे की खडी? फोडी चिरडतात. उद्या शेवटचा मोठा ढीग निघायचाय. मला दोन डबे पिठासारखी राख पाहिजे. लाकडाची, चाळलेली. बघू कोण आणतं." तिने दाराशी असलेल्या स्टुलाकडे पाहिले नाही, पण सगळ्या बायांनी पाहिले.

थोरलीने त्या संध्याकाळी साठवलेली सगळी राख जुन्या साडीच्या तुकड्यातून गाळली. ती दीड डबाच भरली. पहाटे तिने स्वयंपाक उरकला, नवऱ्याचा डबा भरला आणि चुलीतले निखारे बाहेर ओढून त्यांवर पाणी मारले. मग तळाची, कडेची, पायांच्या सांध्यात बसलेली राख कुंच्याने झाडून काढली. तरीही डबा बोटभर कमी भरला, तेव्हा तिने चूल उचलून उपडी केली आणि तिच्या पाठीवर थाप मारली. शेवटी ओल्या फडक्याने चूल आतून पुसून घेतली. नव्या भांड्यासारखी चूल कोपऱ्यात ठेवून ती बाहेर पडली तेव्हा धाकटी आपली राख घमेल्यात भरत होती. थोरलीने ओझरते पाहिले: जाडीभरडी राख, तिच्यात कोळशाचे तुकडे. तिचे पाऊल हलके पडले.

मुकादमिणीने दोघींच्याही राखेत बोट घातले. थोरलीची राख तिच्या बोटांत रेशमासारखी सरकली.

"ही कोणाची?"

"माझी."

"उद्या सांगते," मुकादमीण म्हणाली. पण स्टुलावरच्या बाईकडे तिने वळून पाहिले.

दुपारची सुट्टी झाली, धाकटी घरी गेली. अर्धा तास झाला नसेल तोच ट्रॅक्टर वखारीच्या दाराशी येऊन थांबला. ट्रॅक्टरवाला खाली न उतरताच म्हणाला, "ताई, चला. तपासनीस आलेत. तुम्हाला बोलावतात."

ती तशीच उठली, राखेने माखलेली. ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर बसून अंगणात येईपर्यंत तिला एकच गोष्ट आठवत होती: पहाटे आपण चूल पुसली.

तपासनीस पन्नाशीचा, घामेजलेला माणूस होता. त्याची सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकलेली होती. तो मागच्या खोलीत उकिडवा बसला होता आणि त्याचा हात चुलीत होता. हात बाहेर काढून त्याने तळवा उजेडात धरला. तळवा स्वच्छ होता.

"किती दिवस पेटली नाही ही?"

"आज पहाटे पेटवली होती, साहेब."

"राख कुठाय?"

"वखारीत नेली. बियाण्याला लावायला."

"सगळी?"

"सगळी."

"आणि वर धुऊन पण ठेवली."

"पुसली."

तपासनिसाने उसासा टाकला. त्याच्या आवाजात राग नव्हता. हे सगळ्यांत वाईट होते. "बाई, चूल मांडलेली मी पुष्कळ घरांत बघतो. कुणी नवी विकत आणतात, कुणी शेजाऱ्याची उसनी आणतात. वखारीत राख नेली हे मात्र नवीन ऐकलं. आणि मी आलो तेव्हा हे ओसरीवर तुमच्या बहिणीच्या ताटात जेवत होते. माझ्या डोळ्यांनी बघितलं."

थोरलीने ओसरीकडे पाहिले.

सुरुंगवाला भिंतीला टेकून बसला होता. त्याच्यापुढे धाकटीचे पितळी ताट होते, त्यात भोपळ्याची भाजी, कडेला बोटाने निपटल्याची रेघ. धाकटी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. दोघांपैकी कोणीही थोरलीकडे पाहत नव्हते. सुरुंगवाला गोठ्याकडे पाहत होता, आणि थोरली वळून पाहू लागली तशी त्याने झटकन मान दुसरीकडे फिरवली. सुरुंग लावणाऱ्याला स्फोटाच्या जागेकडे पाठ करायची सवय असते.

तेव्हा तिला सगळे एकदम कळले. लख्ख डबा, गवताची काडी, अर्धा लिटर दूध.

"मग मी काय लिहू?" तपासनीस विचारत होता. "चूल थंड, माणूस इकडे जेवतो. म्हणजे एकच कुटुंब. फाईल बंद करावी लागेल. माझा इलाज नाही."

धाकटीने तोंड उघडले आणि मिटले. ती बोलू शकली असती. थोरलीने तिच्याकडे पाहिले आणि तिला दिसले की धाकटी आपल्या परवानगीची वाट पाहत आहे. जे सांगितल्याने भत्ता वाचेल तेच सांगितल्याने ताईची अब्रू जाईल, आणि यांतले कोणते राखायचे हे ठरवायचा हक्क ताईचाच, असे तिला वाटत होते. थोरलीला त्या क्षणी बहिणीच्या या समजूतदारपणाचाही हेवा वाटला.

ती गोठ्यात गेली. गव्हाणीत वैरणीवर तिचा डबा उघडा ठेवलेला होता. गायीने नुकतेच तोंड घातले होते. वरचे कालवण एका बाजूने चाटलेले, खालचा भात तसाच. थोरलीने गायीचे तोंड बाजूला सारले, डबा उचलला आणि अंगणातून चालत येऊन तो तपासनिसापुढे धरला.

"हात लावून बघा. आतून अजून कोमट आहे."

तपासनिसाने डब्याच्या बुडाला हात लावला.

"हे मी पहाटे त्या चुलीवर रांधलं," थोरली म्हणाली. "बटाटा. आज बहिणीकडे भोपळा आहे. एका चुलीवर कुणी दोन कालवणं करून एक गाईला घालत नाही. मी रोज रांधते. माझा नवरा रोज ते गाईला घालतो आणि हिच्या हातचं खातो. मला आत्ता कळलं. पण चूल माझी निराळी आहे. लिहा."

ट्रॅक्टरवाल्याने एकदा डब्याकडे, एकदा गायीकडे पाहिले आणि हळूच म्हटले, "तरीच."

तपासनिसाने डब्यात पाहिले, मग सुरुंगवाल्याकडे. "खरं आहे?"

"खरं आहे," सुरुंगवाला म्हणाला.

"किती दिवस?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"बाई," तपासनीस धाकटीकडे वळला, "तुमच्या ताई किती वेळा जेवल्या तुमच्याकडे?"

"एकदाही नाही," धाकटी म्हणाली. "तीन महिने झाले साहेब, माझ्या घरचं पाणीसुद्धा प्यायली नाही ती."

तपासनीस बराच वेळ कागदावर लिहीत होता. मग त्याने वाचून दाखवले: चूल स्वतंत्र, अर्जदाराची पत्नी रोज स्वयंपाक करते, शिजवलेले अन्न समक्ष पाहिले, भत्ता या भागातून सुरू करावा. गायीचा उल्लेख त्याने केला नव्हता. थोरलीने राखेचा अंगठा पुसून सही केली, तरी कागदावर करडा डाग पडलाच.

"यापुढे त्यांना तुमच्याच चुलीवरचं जेवू द्या," सायकलच्या पायडलवर पाय ठेवताना तो म्हणाला. "पुन्हा कुणी आलं तर गाय साक्षीला येणार नाही."

संध्याकाळी थोरलीने चूल पेटवली. सुरुंगवाला अंधाऱ्या खोलीत तिच्यासमोर बसला होता.

"ती पहिल्या दिवशी गरम गरम वाढून घेऊन आली," तो म्हणाला. "नाही म्हणता येईना. मग डबा भरलेला परत आणला असता तर तुला लागलं असतं."

"गाईला नाही लागलं?"

"तिनं कधी तक्रार केली नाही."

थोरली हसली नाही. तिने भात वाढला, वर कालवण घातले आणि ताट त्याच्यापुढे सरकवले. तो जेवू लागला. ती त्याच्या घशाकडे पाहत राहिली, प्रत्येक घास खाली उतरेपर्यंत.

"काय आहे तिच्या हातात?" तिने विचारले. "खरं सांगा."

त्याने घास हातातच धरला आणि विचार केला. तीन वर्षांत त्याने इतक्या काळजीने कशाचा विचार केला नव्हता. "तुझंच आहे," तो म्हणाला. "तू पूर्वी करायचीस तसंच. खाणीत दगड पडायच्या आधी."

तिने चुलीत एक लाकूड सारले, ज्याची गरज नव्हती.

दारात सावली पडली. धाकटी उभी होती, उंबऱ्याच्या बाहेर. तिच्या हातात घमेले होते.

"मुकादमिणीनं उद्याही राख मागितलीय. ढीग पुरा झाला नाही." ती थांबली. "तुझ्या चुलीत तर आज काही नाही. ही माझी घे."

"मग तू काय नेशील?"

"मला दाराशी बसायचं नाही. दुपारी घरी यावं लागतं."

थोरली उठली नाही. "नियम सांगितलाय तुला."

"राख काही अन्न नव्हे, ताई," धाकटी म्हणाली. तिने घमेले उंबऱ्याच्या आत सरकवले आणि अंगण ओलांडून गेली. तिच्या घरात तिच्या नवऱ्याचे ताट वाढलेले असेल. तो रोजच्यासारखा खाईल आणि चांगले-वाईट काही न बोलता उठेल. या गोष्टीकडे थोरलीचे आजवर लक्ष गेले नव्हते.

सुरुंगवाला ताट निपटून आडवा झाला. थोरलीने घमेले चुलीच्या उजेडात ओढले, जुन्या साडीचा तुकडा डब्याच्या तोंडाला बांधला आणि राख गाळायला घेतली. मूठ मूठ टाकून ती तळव्याने फिरवीत होती. बारीक राख खाली जात होती आणि कापडावर कोळशाचे तुकडे उरत होते. एक, दोन, मग पुष्कळ. लाकूड नीट न जळू देताच धाकटी चूल विझवते. लहानपणापासून हीच खोड. शंभरदा सांगितले होते.

थोरलीने कोळसे वेचून बाजूला काढले. ढीग ओंजळीएवढा झाला, तेव्हा तिने तो क्षणभर हातात तोलून पाहिला. तीन महिन्यांत प्रथमच तिला अगदी बरे वाटले. मग उद्या पहाटे हिला पुन्हा एकदा शिकवले पाहिजे असे ठरवून तिने ते कोळसे आपल्या चुलीत टाकले, आणि ते पेटले.